कृत्रिम बुबुळ: कोणत्या डोळ्याला, कधी, आणि बसवल्यावर आयुष्यभर काय

बुबुळ बदललं की दिसायला लागेल, अशा आशेने आलेल्या काही जणांना डॉक्टर सांगतात, "या डोळ्यात नेत्रदानाचं बुबुळ टिकणार नाही." घरच्यांना ते पटत नाही. "एकदा करून तर बघा," असा आग्रह होतो. कधी कधी करूनही बघितलं जातं, आणि काही महिन्यांत नवं बुबुळ पुन्हा पांढरं पडतं.

असं का होतं, हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. इथे बुबुळ म्हणजे डोळ्याच्या समोरचा काचेसारखा पारदर्शक भाग, कॉर्निया. बुबुळाचा सगळ्यात वरचा पातळ थर सतत झिजतो आणि सतत नवा तयार होतो. तो तयार करणाऱ्या मूळ पेशी बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या अरुंद पट्ट्यात असतात. या पट्ट्याला लिंबस म्हणतात. डोळा भाजला की या पेशी मरतात आणि मग पांढऱ्या भागावरची कातडी रक्तवाहिन्या घेऊन बुबुळावर चढते. त्यात अश्रू आटलेले असले, पापण्या आतून चिकटलेल्या किंवा खरखरीत झालेल्या असल्या, तर बाहेरून आणलेल्या निरोगी बुबुळाचीही तीच गत होते. पहिलं यशस्वी बुबुळरोपण १९०५ साली ओलोमौत्स इथे एदुआर्द त्सिर्म यांनी केलं, तो रुग्ण चुन्याने भाजलेला मजूर होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत रोपण झालं, पण टिकलं एकाच डोळ्यात. चुन्याने भाजलेल्या डोळ्याशी डॉक्टरांची झुंज इतकी जुनी आहे.

अशा डोळ्यांसाठी पारदर्शक प्लास्टिकचं बुबुळ वापरतात. त्याचं नाव केराटोप्रोस्थेसिस, दवाखान्यातल्या बोलण्यात के-प्रो. ऑपरेशन काही तासांचं असतं. डोळा टिकतो की जातो ते मात्र त्याआधीच्या तपासण्यांवर आणि नंतरच्या कित्येक वर्षांच्या निगराणीवर ठरतं. म्हणून या लेखात त्या दोन भागांना जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: डोळा नेमका कशाने गेला, ते कागदावर आणा

"लहानपणी काहीतरी लागलं होतं" एवढ्यावर कोणताही तज्ज्ञ पुढे जाणार नाही. कारण महत्त्वाचं आहे, कारण त्यावरून निकालाचा अंदाज बांधता येतो. बॉस्टनला कृत्रिम बुबुळावर आयुष्यभर काम केलेल्या क्लास डोलमन यांनी घालून दिलेला क्रम आजही धरला जातो. बुबुळरोपण वारंवार फसलेलं आहे, पण अश्रू आणि पापण्या चांगल्या आहेत, असे डोळे सर्वांत वर. त्याखाली पेम्फिगॉइड या रोगाने आतून आक्रसत जाणारे डोळे, मग रसायनाने भाजलेले आणि सर्वांत खाली स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचे.

आपल्याकडे दोन कारणं विशेष दिसतात. पहिलं चुना. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोरं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा अल्क आहे. ऍसिडने भाजलेला थर बहुतेक वेळा आकसून पुढची वाट अडवतो. चुना मात्र आत आत मुरत जातो. त्याचा कण पापणीखाली अडकून राहिला तर भाजणं चालूच राहतं. असा अपघात झाला तर डॉक्टर शोधायच्या आधी नळाखाली, लोट्याने, जसं जमेल तसं डोळा निदान अर्धा तास धुवा. वरची पापणी उचलून आतले कण काढा, आणि मगच गाडी काढा. तूप, मध, दूध काही घालू नका. पहिल्या अर्ध्या तासात लिंबसच्या जितक्या पेशी वाचतील, तितकी पुढे या लेखाची गरज कमी.

दुसरं कारण औषधाची रिऍक्शन. सल्फाच्या गोळ्या, फिटवरची काही औषधं, गाऊटसाठी देतात ते ऍलोप्युरिनॉल, काही वेदनाशामकं यांनी क्वचित एखाद्याच्या अंगावर फोड येतात, तोंड आणि डोळे सोलून निघतात. रुग्ण वाचतो, पण डोळे कोरडे आणि खरखरीत होऊन बसतात. हाच स्टीव्हन्स-जॉन्सन. या रुग्णाने त्या औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी कायम खिशात ठेवावी. डोळ्याचे तज्ज्ञही आधी तेच विचारतात, कारण ऑपरेशनच्या वेळी पुन्हा गोळ्या द्यायच्या असतात.

फाईलमध्ये हे असू द्या: पहिल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, आधीच्या सगळ्या ऑपरेशनच्या नोंदी, सध्या चालू असलेल्या ड्रॉपच्या बाटल्यांचे फोटो, आणि डोळा बिघडण्याआधीचा रुग्णाचा चेहऱ्याचा एखादा जवळून काढलेला फोटो. फोटोचं कारण असं, की तिरळेपणा किंवा लहानपणापासूनचा आळशी डोळा असेल तर तो तिथे दिसतो. आळशी डोळ्यात कितीही चांगलं बुबुळ बसवलं तरी नजर येत नाही.

दुसरी पायरी: कृत्रिम बुबुळाआधीचे उपाय खरंच संपलेत का?

इथे बऱ्याच जणांची घाई होते. नेटवर व्हिडिओ बघून लोक थेट प्लास्टिकचं बुबुळ मागायला येतात. पण ते शेवटचं पान आहे. त्याआधी पुढचे प्रश्न विचारून घ्या.

एकच डोळा भाजला आहे आणि दुसरा धडधाकट आहे का? मग हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान यांनी विकसित केलेली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली स्लेट ही पद्धत आधी तपासली पाहिजे. चांगल्या डोळ्याच्या लिंबसमधून साधारण दोन मिलिमीटर लांब-रुंद तुकडा घेतात, त्याचे बारीक बारीक कण करतात, भाजलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा, म्हणजे गर्भातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा, पातळ पडदा अंथरून त्यावर ते कण चिकटवतात. त्यातून नवा वरचा थर वाढतो. प्रयोगशाळा लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. पृष्ठभाग सावरला की मग गरज पडली तर साधं बुबुळरोपण. स्वतःच्याच पेशी असल्याने शरीर त्या नाकारत नाही.

दोन्ही डोळे गेले असतील तर रक्ताच्या नातेवाइकाच्या लिंबसच्या पेशी घेता येतात, पण मग प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. रक्त, लिव्हर, किडनी यांच्या तपासण्या त्याबरोबर आल्याच.

स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये पापणीची आतली कड खरवडल्यासारखी होते आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळ घासलं जातं. ओठाच्या आतलं अस्तर काढून त्या कडेला लावलं आणि त्यावर स्क्लेरल लेन्स दिली, तर कित्येकांना बुबुळाच्या ऑपरेशनशिवायच कामापुरतं दिसायला लागतं. ही लेन्स मोठी आणि कडक असते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, आणि तिच्या पोटात भरलेलं सलाईन दिवसभर बुबुळ ओलं ठेवतं. ती घालायला-काढायला शिकायला वेळ लागतो. पण प्लास्टिकचं बुबुळ बसवण्यापेक्षा ती शिकणं कितीतरी स्वस्त आणि निर्धोक.

एक डोळा व्यवस्थित असताना दुसऱ्यात कृत्रिम बुबुळ बसवू नये, असंच बहुतेक सर्जन म्हणतात आणि ते मला पटतं. चालत्या डोळ्याने रोजचं सगळं भागत असतं. बदल्यात आयुष्यभराचे ड्रॉप, चकरा आणि जंतुसंसर्गाची टांगती तलवार मिळते. "दिसायला बरा दिसेल" हे तर कारणच होऊ शकत नाही.

तिसरी पायरी: पांढऱ्या बुबुळामागे काही उरलंय का?

बुबुळ म्हणजे समोरची काच. मागचा पडदा आणि डोळ्याची नस शाबूत नसेल, तर काच बदलून उपयोग नाही. आणि बुबुळ पांढरं असल्यामुळे डॉक्टरांना आत डोकावता येत नाही. मग तपासायचं कसं?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी सगळ्यात साधी असते. दुसरा डोळा हाताने पूर्ण झाकतात, बोटांच्या फटीतूनही उजेड जाऊ नये इतका. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च वरून, खालून, नाकाकडून, कानाकडून दाखवतात आणि विचारतात, "उजेड कुठून येतोय? बोटाने दाखवा." चारही बाजू बरोबर दाखवल्या तर पडदा आणि नस बऱ्यापैकी जागेवर आहेत असं मानतात. नाकाकडचा उजेड कळत नसेल तर काचबिंदूने नस खाल्ल्याची शंका येते. उजेडच कळत नसेल तर ऑपरेशन नाही, हा नियम पक्का. या तपासणीत रुग्णाला मदत करायचा मोह घरच्यांना होतो, "अगं, वरून येतोय बघ!" असं कुजबुजतात. कृपया करू नका. खोट्या उत्तरावर केलेल्या ऑपरेशनचा त्रास रुग्णालाच होतो.

त्यानंतर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. पडदा सुटलाय का, नसेला खड्डा पडलाय का, आतल्या जेलमध्ये काही आहे का, ते त्यात दिसतं. त्याच वेळी डोळ्याची लांबीही मोजतात, कारण कृत्रिम बुबुळाचा नंबर त्यावर ठरतो.

मग अश्रूंची मोजणी. शर्मर तपासणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवतात आणि किती मिलिमीटर ओली झाली ते बघतात. पापण्या पूर्ण मिटतात का, उघडझाप पुरेशी होते का, पापणी आणि डोळा यांच्यामधला खोबणीसारखा भाग शिल्लक आहे का, हेही याच बैठकीत पाहतात. कोणत्या प्रकारचं बुबुळ बसवायचं, हे इथेच ठरतं.

काचबिंदूची चौकशी खोदून करा. रसायनाने भाजलेल्या डोळ्यांत दाब वाढलेला असणं नेहमीचं आहे आणि ऑपरेशननंतर तो आणखी वाढू शकतो. आधीच दाब असेल तर पाणी बाहेर वाहून नेणारी नळी, म्हणजे व्हॉल्व्ह, आधी किंवा त्याच वेळी बसवतात. हा जास्तीचा खर्च वाटतो, पण तो टाळू नका.

चौथी पायरी: ओला डोळा की कोरडा? प्रकार त्यावर ठरतो

अश्रू आहेत, पापण्या मिटतात, अशा डोळ्यासाठी बॉस्टन टाईप वन हा जगभर सर्वांत जास्त वापरला गेलेला प्रकार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला १९९२ मध्ये परवानगी दिली. मदुराईच्या ऑरोलॅबने त्याच धर्तीवर कमी किमतीत तयार केलेलं ऑरो के-प्रो भारतात वापरलं जातं.

रचना टिचबटणासारखी आहे. पुढे काचेसारख्या प्लास्टिकची चकती आणि तिचा दांडा, मागे भोकं असलेली प्लास्टिकची किंवा टायटॅनियमची चकती, आणि दोन्हींच्या मध्ये दाबून धरलेलं नेत्रदानातलं बुबुळ. म्हणजे इथेही नेत्रदान लागतंच. फरक इतका, की ते बुबुळ स्वच्छ असायची गरज नाही; ते फक्त टाके घालायला आधार म्हणून वापरायचं असतं. ज्या बुबुळाच्या आतल्या पेशी कमी म्हणून ते साध्या रोपणाला नाकारलं गेलं, तेही इथे कामाला येतं.

अगदी कोरड्या, कातडीसारख्या झालेल्या डोळ्यात हे बटण टिकत नाही. भोवतीचं बुबुळ विरघळतं आणि प्लास्टिक उघडं पडतं. अशा डोळ्यांसाठी बॉस्टन टाईप टू आहे, ज्याचा पुढचा दांडा कायमच्या शिवून टाकलेल्या पापणीतून बाहेर येतो. पण कोरड्या डोळ्यात सर्वांत दीर्घकाळ टिकलेला पर्याय रुग्णाच्या स्वतःच्या दाताचा आहे. त्याचं लांबलचक नाव बाजूला ठेवू. दवाखान्यात सगळे एम-ओ-ओ-के-पी म्हणतात. रोमच्या बेनेदेत्तो स्ट्राम्पेल्ली यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली, जियानकार्लो फाल्चिनेल्ली यांनी तिच्यात सुधारणा केल्या. भारतात चेन्नईच्या शंकर नेत्रालयात ती होते. जिथे नेत्रसर्जन आणि दातांचे सर्जन एकत्र काम करतात अशी ठिकाणं मोजकीच असल्याने महाराष्ट्रातल्या रुग्णालाही रेल्वे धरावी लागते.

निकालांचे आकडे वाचताना किती काळानंतर मोजले ते आधी बघा. बॉस्टन टाईप वनच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक केंद्रांच्या अभ्यासात ९५ टक्के बुबुळं जागेवर होती आणि निम्म्याहून थोड्या अधिक डोळ्यांना ६/६० (इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून) किंवा त्याहून चांगलं दिसत होतं, पण सरासरी निरीक्षण साडेआठ महिन्यांचंच होतं. फाल्चिनेल्ली गटाने २००५ मध्ये मांडलेल्या १८१ रुग्णांच्या अनुभवात दाताचं बुबुळ १८ वर्षांनंतरही जागेवर असण्याची शक्यता ८५ टक्के निघाली. डॉक्टरांना विचारताना "यश किती टक्के?" असं विचारू नका. "माझ्यासारख्या कारणाने गेलेल्या डोळ्यांत, तुमच्याकडे, पाच वर्षांनंतर किती जण बघतायत?" असं विचारा.

पाचवी पायरी: बॉस्टन किंवा ऑरो प्रकाराचं ऑपरेशन

यात रुग्णाने करायचं फार थोडं आहे. पूर्ण भूल किंवा डोळ्यापुरतं इंजेक्शन. आधी बाजूच्या टेबलावर बटण जुळवतात. दात्याच्या बुबुळाची साधारण साडेआठ मिलिमीटरची चकती कापतात, तिच्या मधोमध तीन मिलिमीटरचं भोक पाडतात, ते दांड्यावर सरकवतात, मागची चकती चढवतात आणि जुन्या प्रकारात टायटॅनियमची बारीक कडी दाबून लॉक करतात. मग रुग्णाचं पांढरं बुबुळ कापून काढतात. स्वतःचं भिंग शिल्लक असेल तर बहुधा तेही काढतात. जुळवलेलं बटण जागेवर ठेवून कडेने बारीक नायलॉनचे साधारण १६ टाके घालतात. शेवटी वर मोठी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. ही लेन्स नंबरसाठी नसून पांघरुणासाठी आहे, आणि ती कायमची आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टी उघडली की काही जणांना लगेच बोटं मोजता येतात, माणसं ओळखता येतात. काहींना आठवडे लागतात. पट्टी उघडताना मोबाईल लावून शूटिंग करायची हल्ली पद्धत आहे. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तर रुग्णाची काय अवस्था होते, याचा विचार करून ते शूटिंग टाळलेलं बरं.

सहावी पायरी: दाताचं बुबुळ, दोन टप्प्यांत

दात कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. प्लास्टिक आणि जिवंत मांस एकमेकांना कधीच पुरतं चिकटत नाहीत. मधल्या फटीतून जंतू आत जातात. दात आणि त्याच्या मुळाभोवतीचं हाड निसर्गतः घट्ट जुळलेलं असतं. दात प्लास्टिकला सिमेंटने धरतो, हाड शरीराला धरतं. शिवाय सगळं रुग्णाचंच असल्याने शरीर नाकारत नाही.

तयारी तोंडापासून सुरू होते. जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढतात. एकाच मुळाचा, भोवती भरपूर हाड असलेला दात लागतो, म्हणून बहुतेक वेळा सुळा निवडतात. गालाच्या आतलं अस्तर मऊ आणि निरोगी हवं. गुटखा, मावा, तंबाखू, मिश्री यांनी गाल आतून ताठ झालेला असेल, तोंड पुरतं उघडत नसेल, तर गाडी इथेच अडते. व्यसन ऑपरेशनपुरतं बंद ठेवून चालत नाही, नंतरही बंदच. सिगारेट-बिडीने वर लावलेलं अस्तर सुकतं. १८ वर्षांखालच्या मुलांत हे ऑपरेशन सहसा करत नाहीत, कारण त्यांच्या शरीरात हाड लवकर झिजतं. योग्य दातच नसेल तर नातेवाइकाचा दात किंवा रुग्णाच्या नडगीचं हाड असेही पर्याय आहेत, पण ते दुय्यम.

पहिल्या टप्प्यात गालाच्या आतून तीनेक सेंटिमीटरचं अस्तर काढून डोळ्याच्या सगळ्या पृष्ठभागावर शिवतात. काही केंद्रांत हे आधी वेगळ्या बैठकीत करतात. सुळा मुळासकट आणि हाडासकट कापून काढतात, घासून पातळ पट्टी करतात, तिच्या मधोमध भोक पाडून प्लास्टिकची नळकांडी दातांच्या सिमेंटने बसवतात. ही पट्टी मग गालाच्या कातडीखाली, बहुतेकदा दुसऱ्या डोळ्याच्या खालच्या पापणीपाशी, पुरून ठेवतात. दोन ते चार महिने. तेवढ्यात तिच्याभोवती मऊ मांस आणि रक्तवाहिन्या तयार होतात.

या काळात चेहऱ्यावर सूज आणि टेंगूळ दिसतं, जेवण पातळ, तोंडाचे व्यायाम रोज. पाहुणे विचारतात, "डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, मग गाल का सुजलाय?" घरातल्या कुणीतरी एकाने उत्तर द्यायची जबाबदारी घ्यावी, रुग्णाला प्रत्येकाला दात-हाड समजावत बसायला लावू नये.

दुसऱ्या टप्प्यात पट्टी बाहेर काढून तपासतात. डोळ्यावरचं अस्तर अर्धवट उचलतात, बुबुळाला भोक पाडतात, रंगीत पडदा, भिंग आणि पुढचं जेल काढून टाकतात, नळकांडीचं मागचं टोक त्या भोकात बसवून पट्टी शिवतात आणि अस्तर पुन्हा पांघरून मध्ये छिद्र ठेवतात. ऑपरेशन कित्येक तास चालतं. बरा झालेला डोळा गुलाबी दिसतो आणि मधोमध गोल काळी खिडकी. हे रूप आधीच फोटोत बघून घ्या, रुग्णाच्या जोडीदारानेही बघावं. बाहेर जाताना गडद चष्मा किंवा पुढे रंगवलेलं आवरण वापरता येतं. नजर नळीतून बघितल्यासारखी अरुंद असते, त्यामुळे जिन्यावर, रस्ता ओलांडताना मान फिरवून बघायची सवय लावावी लागते.

सातवी पायरी: रोजची काळजी, म्हणजे खरं काम

ड्रॉप कधीच बंद होत नाहीत. सहसा एक अँटिबायोटिक रोज, त्यात व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची भर, शिवाय काहींना कमी ताकदीचं स्टेरॉइड. व्हँकोमायसिनचे ड्रॉप इंजेक्शनच्या पावडरपासून तयार करून देतात, ते फ्रिजमध्ये ठेवायचे असतात आणि ठरावीक दिवसांनी फेकून नवे आणायचे असतात. गावी फ्रिज नसेल, वीज जात असेल, तर हे ऑपरेशनच्या तारखेच्या आधी डॉक्टरांना सांगा. काही ठिकाणी पोव्हिडोन आयोडीनच्या थेंबांचा मार्ग काढतात. दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बरं वाटतंय म्हणून सोडलेला अँटिबायोटिकचा एक आठवडा डोळा घालवायला पुरतो.

बॉस्टन किंवा ऑरो प्रकारात कॉन्टॅक्ट लेन्स पडली, तर "उद्या बघू" चालत नाही. ती नसेल तर प्लास्टिकच्या कडेचं बुबुळ वाळतं, पातळ होतं, विरघळतं. जादा लेन्स घरी ठेवा आणि जवळच्या कोणत्या नेत्रतज्ज्ञाला ती बसवता येते ते आधीच ठरवून ठेवा. लेन्स ठरल्या वेळी बदलायची, रुग्णाने स्वतः काढून धुवायची नाही.

दाब मोजायची गोष्ट सगळ्यांना चकवते. हवेचा फवारा मारणारं किंवा बुबुळाला टेकणारं यंत्र प्लास्टिकवर चुकीचा आकडा देतं. अनुभवी डॉक्टर रुग्णाला खाली बघायला सांगून वरच्या पापणीवरून दोन बोटांनी डोळा चाचपतात आणि घट्टपणावरून अंदाज घेतात. त्यामुळे शक्यतो तेच डॉक्टर, तोच हात. बोटाचा अंदाज पुरेसा नसतो, म्हणून नसेचा ओसीटी (प्रकाशाने काढलेला स्कॅन) आणि नजरेच्या क्षेत्राची तपासणी ठरावीक काळाने करून मागच्या रिपोर्टशी ताडून बघतात. बुबुळ स्वच्छ, जागेवर, आणि तरी नजर गेली, असं होतं ते बहुतेक काचबिंदूमुळे. म्हणून दाबाचे ड्रॉप जीवनावश्यक समजा.

नजर हळूहळू धुरकट झाली तर मागच्या बाजूला पातळ पडदा आला असण्याची शक्यता मोठी. हा नेहमीचा प्रकार आहे. तो पातळ असताना याग लेसरने पाच मिनिटांत उघडता येतो, जाड झाला की ऑपरेशन. धुरकटपणा दिसताच जा.

दाताच्या बुबुळात वेगळी नजर ठेवावी लागते: अस्तर सुकतंय का, नळकांडी हलतेय का, पट्टी झिजतेय का. झीज बाहेरून दिसत नाही, म्हणून मधूनमधून सीटी स्कॅन करतात. दातांची स्वच्छताही चालू ठेवायची.

पाण्याबद्दल: विहीर, नदी, तलाव, पोहण्याचा तलाव कायमचा बंद. अंघोळ गळ्याखालून, डोकं मागे टाकून कुणाकडून तरी धुवून घ्या. धुळवड, रंगपंचमी, मिरवणुकीतला गुलाल यांपासून लांब. ऊस तोडणी, मळणी, गोठ्यातली झाडलोट ही कामं दुसऱ्या कुणाकडे सोपवा; पात्याचा नुसता ओरखडा आणि त्याबरोबर आलेली बुरशी या डोळ्याला झेपत नाही. घराबाहेर संरक्षक चष्मा, झोपताना कडक कवच.

आठवी पायरी: पैसा, प्रवास, कागद

खर्च विचारताना एकट्या ऑपरेशनचा आकडा घेऊन निघू नका. उपकरण, व्हॉल्व्ह, दर महिन्याचे ड्रॉप, लेन्स, येण्याजाण्याचं भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी मिळून पहिल्या वर्षाचा हिशेब लिहून काढा. परवडत नसेल तर ते स्पष्ट सांगा. अर्ध्यात थांबलेल्या ड्रॉपपेक्षा न केलेलं ऑपरेशन परवडतं.

महाराष्ट्रातल्या रुग्णाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे जाऊन हे ऑपरेशन आणि व्हॉल्व्ह कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, राज्याबाहेरच्या रुग्णालयात चालतं का, हे लेखी विचारून घ्यावं. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन भेटा. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीसाठी रुग्णालयाचं अंदाजपत्रक लागतं, ते ऑपरेशनच्या आधीचंच असावं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर ऑपरेशनची वाट न बघता काढा.

ऑपरेशनचं गाव फार लांब असेल तर घराजवळचा एक नेत्रतज्ज्ञ आधी गाठा. त्याला सर्जनचा नंबर, डिस्चार्जची प्रत आणि चालू ड्रॉपची यादी द्या. रुग्णाच्या खिशात एक कार्ड ठेवा: कोणत्या डोळ्यात, कोणत्या तारखेला, कोणत्या कंपनीचं बुबुळ, मागची चकती प्लास्टिकची की टायटॅनियमची, कोणत्या औषधाची रिऍक्शन. कुठेही एमआरआय करायची वेळ आली की ते कार्ड आधी दाखवा. डोळा तपासायच्या कॅम्पमध्ये हवेचा फवारा मारायला कुणी आलं तर कार्ड पुढे करून नको म्हणा.

पुढच्यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी: अचानक लाली आणि दुखणं, पू किंवा चिकट स्राव, कोमट पाणी सतत गळणं, डोळा हाताला मऊ लागणं, समोर काळे ठिपके किंवा पडदा सरकल्यासारखं वाटणं, प्लास्टिकच्या कडेला पांढरा डाग. मेडिकलवाल्याकडून कोणताही ड्रॉप घेऊन घालू नका. जवळच्या तज्ज्ञाकडे जाताना वाटेतूनच सर्जनला फोन लावा, डोळ्याचा फोटो पाठवा, आणि फ्रिजमधली व्हँकोमायसिनची बाटली बरोबर घ्या.